भोपळा, शिकाऱ्यांची वीणा आणि शोभाताईंचा मुलगा

जेऊरहून बोलतोय. नवीन मंडळींसाठी सांगतो, पुण्याहून सोलापूरकडे निघालात की दौंडनंतर आणि कुर्डुवाडीच्या आधी लागणारं स्टेशन. करमाळ्याला जायचं असेल तर इथं उतरायचं. हा भाग तुम्ही ऐकायच्या ऐवजी वाचत असाल तर एक काम करा. मधे मधे अल्बमची नावं येतील, तिथं थांबून ते शोधा आणि दोन मिनिटं तरी ऐका. नुसतं वाचून हा विषय अर्धाच कळतो.

विषय आहे जॅझ. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. आपण जॅझची सुरुवात हॉटेलातल्या मंद दिव्यांपासून करणार नाहीये. भोपळ्यापासून करणार आहोत.

मिरजेचे तंबोरे आणि सतारी तुम्ही ऐकून असाल. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या तंबोऱ्याचा जो मोठा गोल भोपळा असतो, तो मिरजेत पिकत नाही. तो येतो आपल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. कडू भोपळा. भाजी होत नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. वेलावर वाढू द्यायचा, वाळवायचा, आतला गर काढून टाकायचा, की उरते कडक सालीची पोकळ घागर. वनस्पतीशास्त्रवाले सांगतात की या भोपळ्याचं मूळ रान आफ्रिकेत आहे. हजारो वर्षांपूर्वी तो जगभर पसरला. म्हणजे भीमसेनजींच्या मागं जो तंबोरा घुमायचा, त्याचं पोट मुळात आफ्रिकेचं!

आता नकाशा काढा आणि पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात या. तिथं हाच भोपळा अर्धा कापतात, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवतात, आरपार एक दांडा घालतात आणि सहा तारा लावतात, तीन इकडं, तीन तिकडं. दांड्याच्या टोकाला पत्र्याचं एक पान, त्याच्या कडेला बारीक कड्या. तार छेडली की सुरासोबत ते पान खुळखुळतं. या वाद्याचं नाव डोन्सो न्गोनी. (उच्चार करताना 'वाङ्मय'मधला ङ आठवा, जमेल.) तिथल्या बामाना भाषेत डोन्सो म्हणजे शिकारी. शिकाऱ्यांच्या टोळीचं, त्यांच्या पराक्रमाची गाणी म्हणायचं हे वाद्य. त्याचं श्रीमंत भावंड म्हणजे कोरा. त्यालाही अर्धा भोपळाच, पण तारा एकवीस. कोरा वाजवणारी घराणी असतात. त्यांना जेली म्हणतात, फ्रेंचांनी ग्रिओ हे नाव दिलं. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेवणारी माणसं. आपल्याकडचे गोंधळी, भाट आणि शाहीर डोळ्यासमोर आणा, अंदाज येईल.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा, पुढं लागेल. पत्र्याचा तो खुळखुळाट चुकून आलेला नसतो, तो मुद्दाम लावलेला असतो. बऱ्याच पाश्चात्त्य वाद्यांत असा खर आला की कारागीर तो काढून टाकतो. आपण काय करतो? तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली दोरा सरकवून सरकवून जवारी लावतो. कशासाठी? सूर नुसता वाजू नये, झिणझिणावा म्हणून. मालीचा शिकारी आणि मिरजेचा कारागीर कधी भेटले नसतील, पण कानाची आवड एकच.

जॅझ अमेरिकेत जन्मला, गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांच्या नातवंडा-पतवंडांच्या हातून. पण गंमत बघा. त्या संगीतात आफ्रिकेची लय होती, गाण्याची पद्धत होती, वाद्यं मात्र फारशी नव्हती. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, सगळं युरोपचं. अमेरिकेच्या बऱ्याच भागात गुलामांच्या ढोलांवर मालकांनी बंदीच घातली होती, कारण ढोलावरून निरोप जातो आणि निरोपातून बंड होतं. त्यामुळं विसाव्या शतकाच्या मध्यात जेव्हा जॅझवाल्यांनी पश्चिम आफ्रिकेची वाद्यं हातात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती काही नवीन आवाजाची हौस नव्हती. हिरावलेलं परत मिळवणं होतं ते.

सुरुवात ढोलांनी झाली. नायजेरियाचा बाबाटुंडे ओलाटुंजी अमेरिकेत शिकायला गेला आणि १९६० साली त्याचा 'ड्रम्स ऑफ पॅशन' हा अल्बम आला. सॅक्सोफोनचा बादशहा जॉन कोल्ट्रेन त्याच्या प्रेमात पडला. हाच कोल्ट्रेन रविशंकरांचा इतका भक्त होता की १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. एप्रिल १९६७ मध्ये तो हार्लेममधल्या ओलाटुंजीच्या केंद्रात वाजवायला गेला. तीन महिन्यांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. एकाच माणसाच्या डोक्यात नायजेरियाचे ढोल आणि आपली सतार एकत्र नांदत होती, आणि दोन्हीकडं नीट बसायला त्याला वेळ मिळाला नाही.

तो वेळ डॉन चेरीला मिळाला.

डॉन चेरी, जन्म १९३६, ओक्लाहोमा. हातात खेळण्यासारखा छोटा ट्रम्पेट. १९५९ साली ऑर्नेट कोलमनच्या टोळीत राहून त्यानं जॅझची चौकट मोडायला मदत केली, आणि मग हा माणूस चालतच सुटला. स्वीडनमध्ये घर केलं. पंडित प्राणनाथांकडं गाणं शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच घराण्याचे. ट्रम्पेट बाजूला ठेवून त्यानं डोन्सो न्गोनी मांडीवर घेतली आणि स्टेजवर तीच वाजवत गाऊ लागला. १९७८ साली गाम्बियाचा कोरावादक फोडे मुसा सुसो शिकागोत 'मँडिंगो ग्रिओ सोसायटी' नावाचा बँड चालवत होता. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये पाहुणा म्हणून डॉन चेरी आहे. सुसोनं पुढं हर्बी हॅनकॉकसोबत कोरा आणि सिंथेसायझरचा 'व्हिलेज लाइफ' अल्बम केला, तोही ऐका. रात्री, दिवे बंद करून.

पण माझा जीव अडकलाय तो 'कोडोना'त. तिघांच्या नावांतली पहिली अक्षरं घेऊन केलेलं नाव: कॉलिन, डॉन, नाना. कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन, सतार रविशंकरांकडं आणि तबला अल्लारखाँसाहेबांकडं शिकलेला. डॉन चेरी न्गोनी आणि ट्रम्पेटवर. नाना वास्कोन्सेलोस ब्राझीलचा, बेरिम्बाऊ वाजवणारा. बेरिम्बाऊ म्हणजे एक धनुष्य, एक तार आणि खाली, ओळखलंत, भोपळा. अंगोलाकडून गुलामांसोबत ब्राझीलला गेलेलं वाद्य. (आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिद्दी समाजातही मलुंगा नावाचं असंच भोपळ्याचं धनुष्य आहे. आणि आफ्रिका आपल्याला किती जवळ, तर आमच्या करमाळ्याशेजारच्या परंड्याच्या किल्ल्यातून १६०० नंतर निजामशाहीचा गाडा हाकणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. पण ती पूर्व आफ्रिका, आणि तो वेगळा एपिसोड आहे.) कोडोनाचे तीन अल्बम आले, १९७९, १९८१ आणि १९८३ साली.

यात कोण कुणाच्या मागं वाजवतंय ते कळत नाही, आणि तिथंच मजा आहे. न्गोनी पाच सुरांत फिरते, एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजते. तबल्याचं सोलो वादन ऐकलंय? त्यात हार्मोनियम किंवा सारंगीवर जो लेहरा फिरत राहतो, अगदी तसं. लेहऱ्यानं ताल धरून ठेवायचा, म्हणजे तबलजी मोकळा. फरक एकच. आपल्याकडं सगळे समेवर येऊन भेटतात. पश्चिम आफ्रिकेत चार जण चार वेगळे पॅटर्न वाजवतात आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या जागी असते. समेची एकच जागा नाही. जॅझवाला या दोन्हींच्या मधे उभा राहतो, कारण त्याला कामच ते आहे: धरलेल्या लयीवर तिथल्या तिथं नवं बोलणं. म्हणून मला वाटतं की ही मिसळ आवाज चिकटवून झालेली नाही. आधीच सारखे असलेले सांधे शोधून झालेली आहे. आजकाल 'फ्युजन' म्हणून जे चाललंय, खाली तयार बीट आणि वर दोन मिनिटं बासरी, त्याला मी यात धरत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडं एका घरच्या जागरण-गोंधळाला संबळ वाजवायला आलेल्या मामांना मी हे ऐकवलं. रात्री अडीचला, चहाच्या वेळी. हेडफोन त्यांच्या फेट्यावरून नीट बसेना, मग एकच बाजू कानाला धरली. न्गोनीचा तुकडा होता. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "वर घुंगरं बांधल्यात का रं ह्याला?" मी पत्र्याचं पान सांगितलं. मान हलवली. मग म्हणाले, "हे देवाचं हाय का करमणुकीचं?" शिकाऱ्यांचं, पूजेबिजेलाही असतं, म्हटलं. आणि मग हेडफोन परत देता देता विचारलं, "ह्यो वाजवणारा कुणापाशी शिकला?"

दुसरा प्रश्न मालीत साठ वर्षांपूर्वी खरोखरच पेटला होता. वासुलू भागातल्या तरण्या पोरांनी शिकाऱ्यांच्या न्गोनीची नक्कल करून लहान, उंच पट्टीची न्गोनी बनवली आणि नाचायला वापरायला लागले. तिचं नाव कमाले न्गोनी, म्हणजे पोरांची न्गोनी. म्हातारी माणसं भडकली. पवित्र वाद्य नाचात! आज त्याच पोरांच्या न्गोनीवर उमू सांगारेसारख्या गायिकेचं जगभर गाजलेलं संगीत उभं आहे. तेव्हा परंपरा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू आणि डॉन चेरीनं ती फोडली, असं काही नाही. ती तिच्या गावातच बदलत होती.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी अजून अडकलोय. रेकॉर्डच्या कव्हरवर वादकाचं नाव असतं, वाद्याचं असतं. ज्या शिकाऱ्यांनी शेकडो वर्षं ती ओळ फिरवत ठेवली त्यांचं नसतं. सुसोसारखा जेली घराण्यातला माणूस स्वतःच्या नावानं पुढं आला तेव्हा चित्र थोडं बदललं. आपल्याकडं बघा. संबळाचा तुकडा कापून रीलला लावतात, लाखो लोक बघतात, खाली लिहिलेलं असतं 'ओरिजिनल ऑडिओ'. कुणाचा ओरिजिनल?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिका-मालीचं झालं, यात आपलं कोण? आहे की. पण त्याच्या आधी मुंबईत एक चक्कर मारू.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या बँडमधून आणि त्यांना ऐकून गोव्याच्या वादकांची पिढी तयार झाली. हल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावानं ट्रम्पेट वाजवू लागला आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाऊ लागला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्याला फिल्मी संगीतात घेऊन आले. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' बघा, चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. एक पुणतांब्याचा, एक हल्दोण्याचा आणि नाचणारे भगवानदादा. गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्यावर नाचतो त्यात ताजच्या जॅझचा अंश आहे. पण हे सगळं ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं जॅझ. आफ्रिकेची वाद्यं त्यात नव्हती. त्यासाठी अजून एक पिढी जावी लागली.

शोभा गुर्टू. ठुमरीची राणी म्हणतात. जन्म १९२५, बेळगाव, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नृत्य करायच्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडं गाणं शिकलेल्या. लग्न होऊन गुर्टूंच्या घरात आल्या. सासरे पोलीस खात्यात मोठे अधिकारी आणि सतार वाजवणारे. मराठी सिनेमात गायल्या, हिंदीत गायल्या, २००२ साली पद्मभूषण मिळालं. त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म १९५१, मुंबई. घरात सतत गाणं, त्यामुळं तबला लहानपणीच हाताला लागला. मग कानावर जॅझ आणि रॉक पडलं. एकावर एक ट्रॅक रेकॉर्ड करता येतात हे या पोराला माहीतच नव्हतं. रेकॉर्डवर ऐकू येतंय ते सगळं एकच माणूस एका वेळी वाजवतोय असं समजून त्यानं ते सगळं एकदम वाजवायचा रियाज केला! दोन-तीन माणसांचं काम दोन हातांत बसवलं. पुढं जगाला जो त्रिलोक गुर्टू दिसला तो असा घडला.

त्याला वाजवताना एकदा बघाच. ड्रमवाल्याचं स्टूल नाही. जमिनीवर गुडघे टेकून बसलेला, बाजूला तबला, भोवती ड्रम आणि झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवायची आणि पाण्यात बुडवायची, सूर खाली घसरत जातो. तोंडानं बोल चालू. आमच्या यात्रेतला हलगीवाला आणि न्यूयॉर्कचा ड्रमर एकाच अंगात शिरल्यासारखं.

सत्तरच्या दशकात तो युरोपात गेला, नंतर हॅम्बुर्गमध्ये स्थायिक झाला. डॉन चेरीसोबत वाजवायला लागला. मग एक वाईट गोष्ट घडली. नोव्हेंबर १९८४ मध्ये पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना झालेल्या रस्ता अपघातात कॉलिन वॉलकॉट गेला, कोडोनातला को. वय अवघं ३९. तो 'ओरेगॉन' नावाच्या आणखी एका बँडमध्ये होता. अल्लारखाँकडं शिकलेल्या त्या अमेरिकन माणसाची जागा ओरेगॉननं नंतर कुणाला दिली? मुंबईच्या त्रिलोक गुर्टूला. १९८७ चा 'इकोटोपिया' हा त्यांचा एकत्र अल्बम. पुढं जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रिकुटात त्रिलोक होता. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं त्यांचं रेकॉर्डिंग आजही तबल्याची आणि ड्रमची पोरं अभ्यासासारखं ऐकतात.

आणि १९८८ साली त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'उस्फ्रेत'. वादकांची यादी वाचा: ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर शंकर. आणि गायला आई. शोभा गुर्टू, वय साठीच्या पुढं, पहिल्याच ट्रॅकचं नाव 'शोभारॉक'. माझ्या मते शोभाताईंनी त्यात आपलं गाणं तिळभरही पातळ केलेलं नाही. मुलाच्या जगात जायचं म्हणून आवाज पाश्चात्त्य केला नाही, आणि मुलानंही आई गातेय म्हणून ड्रम गप्प ठेवले नाहीत. बेळगावच्या मेनकाबाईंकडून आलेली लगाव आणि न्गोनीवाल्या डॉन चेरीचा ट्रम्पेट एकाच रेकॉर्डवर. मला विचाराल तर मराठी संगीताच्या इतिहासात या अल्बमला एक पान मिळायला हवं होतं. नाट्यसंगीतावर आपल्याकडं कपाटं भरून पुस्तकं आहेत, आणि असायलाच हवीत. पण अमेरिकेतल्या 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी ज्याला अनेकदा जगातला सर्वोत्तम तालवादक ठरवलं, तो शोभाताईंचा मुलगा आहे, हे मी कॉलेजातल्या दहा मित्रांना विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं.

१९९५ मध्ये डॉन चेरी गेला. त्यानंतर त्रिलोक स्वतः आफ्रिकेकडं वळला. २००० चा 'आफ्रिकन फँटसी', त्यात बेनिनची अँजेलिक किजो गायली आहे. तो मला थोडा गुळगुळीत वाटतो, खरं सांगायचं तर. सगळ्यांना आवडावा म्हणून केलेला. पण २००६ चा 'फराकाला' वेगळा. मालीच्या गायक-वादकांसोबत, 'फ्रिकीवा फॅमिली' म्हणून त्यांचं नाव कव्हरवर त्रिलोकच्या नावाशेजारी. इथं तबला पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखा वागतो. आधी ऐकतो, मग बोलतो. शोभाताई तोवर गेल्या होत्या, २००४ मध्ये.

तर गृहपाठ. आधी कोडोनाचा पहिला अल्बम, मग 'उस्फ्रेत', मग 'फराकाला', याच क्रमानं. आणि तुमच्या गावात संबळ, तुणतुणं, हलगी, चौंडकं, जे काही वाजत असेल त्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मला पाठवा. सुरुवातीला तीन गोष्टी स्पष्ट बोला: वाजवणाऱ्याचं नाव, गाव, आणि कुणापाशी शिकला. नावं सांगायला त्यांची हरकत नाही ना, हे आधी विचारा. नावासकट आलेली रेकॉर्डिंग पुढच्या भागात वाजवणार, बिननावाची नाही. संबळवाल्या मामांचं रेकॉर्डिंग झालंय. त्यांनी स्वतःच्या आधी गुरूचं नाव घेतलं, मग गुरूच्या गुरूचं, आणि संबळाला हात लागेपर्यंत माझी दोन मिनिटं संपली होती. ते सगळं तसंच ठेवतोय.